गेलेलं सगळं गेलंच का? (गीता १५.१५)



आज पंधराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक. भगवंत म्हणतात, मी सगळ्यांच्या हृदयात बसलेलो आहे. स्मृती, ज्ञान आणि अपोहन ही तिन्ही माझ्यापासूनच होतात. अपोहन म्हणजे निघून जाणं, विसर पडणं. आठवण देवाने दिली हे आपण आनंदाने मान्य करतो. विसरही तोच देतो म्हटलं की जरा जड जातं.

नेमका याच आठवड्यात आमच्या अंबाजोगाईच्या शाळेच्या ग्रुपवर जुन्या दिवसांचा पूर आला होता. शक्तिमान, अल्फा मराठी, पेन्सिल घालून गुंडाळलेली कॅसेटची टेप, रुपयाची पेप्सी, आणि अर्थातच ऑर्कुट. २००४ साली सुरू झालं, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, कुणी आपलं प्रोफाइल बघितलं त्याची यादी! मीही तासभर त्यात रमलो, खोटं कशाला बोलू. पण शेवटी गाडी नेहमीच्या स्टेशनावर आलीच : आपलं बालपण भारी होतं, आताच्या पोरांना काय कळणार.

इथे मला दुसरा अध्याय आठवतो, श्लोक ६२. विषयांचं चिंतन करत राहिलं की त्यांच्याशी संग जडतो, संगातून काम, कामातून क्रोध. आपण समजतो विषय म्हणजे समोरची वस्तू. पण गेलेली वस्तूसुद्धा विषयच की! उलट ती जास्त चिवट. समोरच्या गोष्टीचा कधीतरी कंटाळा येतो. गेलेल्या गोष्टीतला कंटाळा आपण आधीच गाळून टाकलेला असतो. सायबर कॅफेत तासाचे वीस रुपये मोजायचे, पान अर्धं उघडेपर्यंत भारनियमनाची वेळ व्हायची आणि सगळं ठप्प. हे कुणी रीलमध्ये टाकत नाही.

अजून एक गंमत. युनिकोड रुळण्याआधी मराठी पानं वेगवेगळ्या फॉन्टमध्ये असायची. तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसायचा. फाइल शाबूत, एक बाइट हललेला नाही, पण वाचणार कोण? 

याच्यापेक्षा मोठं उदाहरण आमच्या गावातच आहे. दासोपंत (१५५१ ते १६१५) अंबाजोगाईचे. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. ज्ञानेश्वरी नऊ हजारांची, म्हणजे हिशोब करा. सांगतात की त्यांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची. आणि त्यांची पासोडी! सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, त्यावर पंचीकरण लिहिलेलं : पाच महाभूतं एकमेकांत मिसळून हा देह, हे जग कसं घडतं ते. जे कापड स्वतःच एक दिवस विरायचं, त्यावर. चारशे वर्षांनंतरही ती अंबाजोगाईत जपलेली आहे. तरी आमच्या ग्रुपवर 'हरवलेल्या गोष्टीं'च्या यादीत दासोपंत कधीच येत नाहीत. ऑर्कुट येतं. कारण ऑर्कुटवर आपला फोटो होता. आपण हळहळतो ते वस्तूसाठी थोडं, तिच्यात असलेल्या 'मी'साठी जास्त.

मग जुनं आठवूच नये का? असं मला म्हणवत नाही, त्याला कारण आहे.

इंजिनिअरिंगचा माझा एक मित्र फार लवकर गेला. त्याच्या आईने काही वर्षांनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरमधला ना रे, तो रात्र रात्र बसून मित्रांना लिहायचा ते कुठे मिळेल का?" ज्या साइटवर तो लिहायचा ती तोवर राहिलेली नव्हती. मी म्हणालो, "काकू, ते आता नाही." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं. मग तुला आठवतं ते सांग."

मी सांगत बसलो. मेसमधल्या वरणावरची त्याची भाषणं, परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्यांना शिकवत बसायची त्याची खोड. त्याने लिहिलेलं एक वाक्यही मला धड आठवलं नाही, पण तो आठवला. सांगताना ध्यानात आलं की शेवटच्या वर्षी आमचा सहा महिने अबोला होता, आणि तो कशावरून होता हे काही केल्या आठवेना. खूप ताण दिला. नाहीच.

शंकराचार्य भाष्यात म्हणतात की पुण्यकर्मांनुसार स्मृती आणि ज्ञान होतं, पापकर्मांनुसार त्यांचं अपोहन. आचार्यांपुढे मी कोण बोलणार! पण त्या दिवशी काकूंसमोर मला जो विसर पडला होता, तो मला कुठल्याच हिशोबाने शिक्षा वाटत नाही. ते भांडण कुणीतरी अलगद उचलून नेलं होतं, आणि मित्र तेवढा ठेवला होता. त्या तासाभरात 'आमचे दिवस' हा शब्द एकदाही तोंडात आला नाही. समोर काकू होत्या, त्यांना जे हवं होतं ते शोधण्यातच वेळ गेला. ग्रुपवरचा तास आणि हा तास, दोन्हीकडे आठवणच काढत होतो. पण ग्रुपवरून उठलो तेव्हा चिडचिड होत होती, आणि काकूंच्या घरून निघालो तेव्हा त्यांनी दुसऱ्यांदा चहा टाकला होता.

अठराव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मला स्मृती परत मिळाली. हस्तिनापुरातलं बालपण आठवलं असं तो म्हणत नाही, आणि लगेच उठून समोरच्या कामाला लागतो. त्याला नक्की काय आठवलं यावर एकदा स्वतंत्र लिहायचं आहे.

उद्या सोळावा श्लोक, क्षर आणि अक्षर. त्या फॉन्टच्या कचऱ्याची तिथे पुन्हा आठवण निघेल.

राम कृष्ण हरी.