करंगळी

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे २०१५ सालापासून साऱ्या देशाला ठाऊक झालं आहे. त्या दोन दिवशी बँकेतला कारकून मात्र उघडा असतो, हे फक्त त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असतं. दळण, गॅसचं सिलिंडर, पंख्याची पाती, माळ्यावरच्या पेट्या अशी महिन्याभराची सगळी थकबाकी आमची ही त्या दोन शनिवारांच्या खाती वळती करते. त्यामुळे जवळच्या शाळेचे मुख्याध्यापक एकदा काउंटरपाशी येऊन, "साहेब, शनिवारी सकाळी आमच्या पहिली-दुसरीच्या पोरांना थोडं इंग्रजी शिकवाल का जी? बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत," असं म्हणाले, तेव्हा मला पंख्याची पाती आठवली आणि मी ताबडतोब हो म्हणालो.

मग जरा भीती वाटून विचारलं, "पण मीच का?"

"तुम्ही इंग्रजीत सही करता ना जी."

ही माझी पात्रता. वास्तविक माझं इंग्रजी पाचवीत सुरू झालेलं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तोवर आम्ही शाळा सोडून कॉमर्सला लागलो होतो. पाचवीपासून बी. कॉम.पर्यंत आणि तिथून बँकेपर्यंत जे इंग्रजी माझ्याबरोबर आलं, त्या इंग्रजीत मी आजवर कोणावर प्रेम केलेलं नाही, कोणाशी भांडलेलो नाही, रडलेलोही नाही. मी त्यात फक्त 'आपल्या दिनांक अमुकच्या पत्राच्या संदर्भात' कळवलेलं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत. पुण्यात बसून असं म्हणायला हरकत नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याला खरोखरीच्या वाघिणी आहेत, आणि हे दूध काढायचं तर आधी वाघिणीच्या जवळ जावं लागतं, हे इथल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "तुम्ही शिकवणार? आणि आपला भाचा घरी बसलाय!"

भाच्याची हकीकत अशी. पोरगा इंग्रजीत एम. ए. झालेला, बोलतो तर बातम्या वाचल्यासारखं. त्याच्या डोक्यात कोरियाला जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं भरलं. 'कोरियाला जातो' म्हणाला तेव्हा आमच्या आईला वाटलं, छत्तीसगडातला कोरिया जिल्हा. तिथल्या मुख्य गावाचं नाव बैकुंठपूर आहे असं कोणीतरी तिला सांगितलं, तर ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "एवढ्या लहान वयात कशाला जातो रे बाबा वैकुंठाला?" पण भाच्याचा कोरिया दूरचा होता आणि तिथले दरवाजेही वेगळे होते. चौकशीत कळलं, की तिथे इंग्रजीच्या मास्तराचा व्हिसा मुळात सात देशांच्या माणसांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला करार २०१० सालापासून लागू आहे, त्यात आपल्या लोकांना जागा आहे, पण ती सहायक शिक्षकाची. म्हणजे तुमचं इंग्रजी कसं आहे हा प्रश्न नंतरचा, पासपोर्टवर कोणतं चित्र आहे हा आधीचा. मी बँकेतला माणूस, मला ह्यात काही नवल वाटलं नाही. माणूस समोर जिवंत उभा असताना हयातीचा दाखला मागणारी आमची जात.

असो. तर मी वर्गात गेलो.

तेवीस पोरं. एकदम उभी राहून त्यांनी 'गुऽऽड मॉर्निंग सऽऽर' असं म्हटलं, की छपरावरची कबुतरं उडाली. ही पोरं घरी काय बोलतात ते मी विचारून घेतलं. बरीचशी झाडीबोली, काही पोवारी, दोघांच्या घरी गोंडी, एकाच्या घरी छत्तीसगढी. बाजारात सगळ्यांची हिंदी. म्हणजे पुस्तकातली मराठी हीच त्यांची दुसरी किंवा तिसरी भाषा. मराठीच्या तासाला ती 'मले' म्हणाली की 'मला' म्हण, 'काहून' म्हणाली की 'का' म्हण, असं चालतं. इंग्रजीच्या तासाला मात्र पाटलाचा पोरगा आणि त्याच्या गड्याचा पोरगा दोघंही सारखेच अडाणी. इतकी समता मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. अगदी मास्तरही त्यांच्यापासून फार लांब नव्हता.

'आर'ला राइस आला तेव्हा मात्र घोटाळा झाला. मी चित्र दाखवून म्हणालो, "राइस." एक दोन वेण्यांची मुलगी उठली. "कोनता जी? धान का तांदूळ का भात?" आता ज्या गावात पोरांना परे, रोवणी, बांधी, तनस, कणकी हे सगळं चालता-बोलता कळतं, त्या गावात एक राइस देऊन भागवायचं म्हणजे पाचशेच्या नोटेचे सुटे मागणाऱ्याला एकच नाणं देण्यासारखं आहे. मी म्हणालो, "सगळ्यालाच राइस." तिनं अशा नजरेनं पाहिलं, की खात्यातली शिल्लक कमी भरल्यावर गिऱ्हाईक पाहतं तसं. धानाला त्यांच्यात पॅडी म्हणतात हे मला घरी येऊन आंघोळ करताना आठवलं.

पण मला सांगायचं आहे ते राइसबद्दल नाही.

कुठल्याशा पुस्तकात मी वाचलं होतं, की भाषा शिकवायची तर त्या भाषेशिवाय दुसरी ऐकूनच घ्यायची नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी नियम केला. बाहेर जायचं असेल तर 'मे आय गो टू टॉयलेट, सर' असं पूर्ण वाक्य म्हणायचं. करंगळी दाखवायची नाही. पोरांनी ते वाक्य दहा वेळा माझ्यामागून म्हटलं आणि मला वाटलं, इंग्रजी रुजलं.

थंडीचे दिवस, सकाळची शाळा. दुसऱ्या ओळीतल्या एका बारक्या पोरानं करंगळी वर केली. मी म्हणालो, "से इट इन इंग्लिश." तो उभा राहिला. "मे..." म्हणाला. मी उत्तेजन द्यायला मान हलवली. "मे आय..." म्हणाला. पुढे काही येईना. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मी हसत हसत, अगदी प्रेमानं, "येस? मे आय...?" असं करीत राहिलो. आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्या पोराचं काम पुरं झालं. वर्ग हसला. त्यानं मान खाली घातली, दप्तर उचललं आणि तो घरी निघून गेला. जाताना त्याला 'मे आय गो' म्हणायला कोणी लावलं नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. तत्त्वज्ञान हा काही माझा विषय नव्हे. आमच्या अभ्यासक्रमात जमा आणि नावे ह्यांच्या पलीकडे पापपुण्याचा विचार नव्हता. पण प्रश्न अगदी साधा होता. त्या पोराला काय हवं आहे ते मला कळलं नव्हतं का? पहिल्या क्षणालाच कळलं होतं. करंगळीइतकी स्वच्छ भाषा जगात नाही. मग समोरच्याची गरज आपल्याला पुरती कळलेली असताना, ती ठरलेल्या शब्दांत मांडली नाही म्हणून त्याला अडवून धरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि एक म्हातारी आठवली. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आली होती. स्लिप कोणीतरी भरून दिलेली. आकड्यात १५०० आणि अक्षरात 'दीड हजार फक्त'. मी म्हणालो, "आजी, असं चालत नाही. एक हजार पाचशे लिहून आणा." दीड हजार म्हणजे किती हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही, मी कॉमर्सचा पदवीधर आहे. ती पेनवाला माणूस शोधत बाहेर गेली. तो सापडेपर्यंत कॅश बंद झाली. दुसऱ्या दिवशी ती परत आली, तीही मलाच हात जोडून. आमच्या स्लिपवर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा छापलेल्या असतात. अडवायचंच म्हटलं तर तिन्हींत अडवता येतं.

भाच्याला हे सांगितलं (पोराचं, म्हातारीचं नाही). तो हल्ली कोरियन शिकतो आहे. तो म्हणाला, "मामा, तिथल्या सेजोंग राजानं १४४६ साली नवी लिपी जाहीर केली ती ह्याचसाठी. तोवर सगळं लिहिणं चिनी अक्षरांत चालायचं. साध्या माणसाच्या मनात असलेलं त्याला मांडताच यायचं नाही, ह्याचं राजाला वाईट वाटलं." मी म्हणालो, त्यासाठी कोरियाला कशाला जायला हवं? आपल्या महानुभावांच्या नागदेवाचार्यांनी केशवराजाला संस्कृतात लिहू नको म्हणून सांगितलं होतं, कारण त्यांच्या पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांची काळजी करणारा माणूस होता. मी फक्त कॅश बंद करतो.

म्हणजे नियम काढून टाकायचा, असं मी ठरवून मोकळा झालो. पण सोमवारी खिडकीपाशी त्या पोराचा बाप उभा.

मी मनात माफीचं वाक्य जुळवू लागलो. चांगलं मराठीत. पण त्यानं मोबाइल पुढे केला. "साहेब, हे पाहा जी. पैसे गेले का आले?" संदेश इंग्रजीत होता आणि त्यात 'क्रेडिटेड' असं लिहिलं होतं. धानाचे चुकारे जमा झाले होते. पण ते जमा झाले की कोणी लंपास केले हे न कळून हा माणूस सकाळपासून उपाशी सायकल मारत आला होता. मी सांगितल्यावर तो खिडकीखालच्या पायरीवर बसलाच. मग म्हणाला, "पोरगा शाळेत जायले नाई मनते."

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी आता इंग्रजीची सक्तीच काढून टाकतो."

तो घाबरून उठला. "नका जी! असं नका करू. दोन झापडा मारा, पन त्याले इंग्रजी शिकवा." आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्याची तं एकडावच झाली, साहेब. आमची ह्या खिडकीपाशी दरखेपेस होते."

ह्यावर काय बोलणार? मी दया दाखवायला निघालो होतो, आणि ज्याला दाखवायची तोच नको म्हणत होता. मी करंगळी चालवून घेईन हो. पण पुढे नागपूरच्या, पुण्याच्या कुठल्या खिडकीमागे माझ्यासारखाच एखादा बसलेला असेल, त्याला करंगळी चालणार आहे का? आज अडवलं तर आज रडेल, आज नाही अडवलं तर उद्या दुसरा कोणी रडवील. मग आपणच आधी थोडं रडवून ठेवावं, हे बरोबर का? घरी आल्यावर हिला विचारलं. ती पंख्याच्या पात्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "मी हे कोणत्या भाषेत सांगू म्हणजे तुम्हाला कळेल?"

शेवटी मी मधला मार्ग काढला. बँकेत त्याला तडजोड म्हणतात आणि त्यात दोन्ही पक्ष थोडे थोडे बुडतात. चौथ्या शनिवारी वर्गाला सांगितलं, की इंग्रजीत सांगता आलं तर फार छान, नाही आलं तर मराठी चालेल, गोंडी चालेल, करंगळीही चालेल. 'क्रेडिटेड' आणि 'डेबिटेड' हे दोन शब्दही शिकवून टाकले. दुसरीच्या पुस्तकात ते नाहीत, पण दुसरीतल्या पोरांच्या बापांच्या खिशात असतात.

तो पोरगा आला होता. खाली मान घालून बसला होता. मी फळ्याकडे वळलो तोच मागून आवाज आला. "मे आय गो टू टॉयलेट, सऽऽर!" वळून पाहतो तर तोच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सातवीतल्या बहिणीनं दोन आठवडे घोकून घेतलं होतं म्हणे. मला इतका आनंद झाला, की मी त्याला दारापर्यंत पोचवायला गेलो. दहा मिनिटांनी तो पुन्हा उभा. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा अचूक. मी पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी सोडल्यावर जरा शंका येऊन खिडकीतून पाहिलं, तर गृहस्थ शाळेमागच्या बोरीच्या झाडाखाली. दोन्ही खिसे फुगलेले. पण करणार काय? अर्ज सर्व बाबतींत परिपूर्ण होता. आमच्या शाखेतही नीट टाइप केलेला इंग्रजी अर्ज आला की कर्ज कशाला हवंय हे विचारायला जीभ रेटत नाही.

तो परत आला. तोंडात बोर तसंच ठेवून 'थँक्यू सर' म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. मी हसत वर्गाकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझं तिसऱ्या ओळीकडे लक्ष गेलं. दोन वेण्यांची मुलगी ओठ आवळून बसली होती, आणि तिची करंगळी केव्हापासून वर होती कोण जाणे.