पावती

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मी काही शास्त्री-पंडित नाही. बी.कॉम. झालो, चौतीस वर्षे बँकेत कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या देवळाच्या उत्सव समितीत खजिनदार झालो, एवढीच माझी पात्रता. "या अंकासाठी दानधर्मावर काहीतरी लिहा," असा निरोप आला तेव्हा मी म्हटले, दानाची महती सांगणारे पुष्कळ आहेत. दान दुसऱ्याच्या हातात पडल्यावर पुढे काय होते, त्याबद्दल मी लिहितो. त्यात माझीच एक चूक सांगायची आहे. ती आतापर्यंत वार्षिक सभेपुरतीच सांगितली होती.

सुरुवात आपल्या सर्वांना तोंडपाठ असलेल्या गोष्टीने करतो. पैठणचे एकनाथ देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे राहिले. स्वामी थोर दत्तभक्त आणि किल्ल्याचा कारभारही त्यांच्याकडेच. त्यांनी नाथांना हिशेबाचे काम दिले. एकदा एका पैचा मेळ बसेना. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या घेऊन बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडेल तेव्हा केवढा होईल!

कीर्तनकार इथून परमार्थाकडे वळतात आणि ते बरोबरच आहे. पण मी पडलो कारकून, माझे मन त्या पैपाशीच अडते. नाथांकडे कोणी जाब मागितला नव्हता. ती पै त्यांनी खाल्लेली नव्हती. एका पैसाठी कोणी त्यांना बोललेही नसते. तरी ते झोपले नाहीत, कारण वही त्यांच्या हातात होती. बँकेत असताना ही गोष्ट मी नव्या मुलांना मोठ्या ऐटीत सांगत असे. संध्याकाळी कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचे नाही, कमी पडली तर कॅशिअरने भरायची, जास्त आली तरी खिशात घालायची नाही, वेगळ्या खात्यात नोंदवायची, ही आमची शिस्त. आणि हाच मी देवळात आलो आणि ती शिस्त चपलांबरोबर बाहेर काढून ठेवली.

झाले ते असे. सहा-सात वर्षांपूर्वीची दत्तजयंती. मार्गशीर्षातली थंडी, मंडपात मी टेबल-खुर्ची टाकून देणग्या घेत बसलो होतो. पोळ्या लाटायची कामे करणाऱ्या एक मावशी दरवर्षी अन्नदानासाठी दोनशे एक्कावन्न रुपये देतात. त्या आल्या, पैसे पुढे केले आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, गेल्या वर्षीची पावती मिळाली नाही मला. यादीतपण नाव नव्हतं."

मागे रांग लागलेली. मला राग आला. खरे सांगायचे तर अपमान वाटला. मी म्हणालो, "मावशी, दत्तमहाराजांच्या पायाशी दिलंय ना? मग पावती कशाला हवी?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "महाराजांना दिलं त्याची नको भाऊ. तुमच्या हातात दिलं त्याची हवी."

आवाज चढवला नाही, कोणाला ऐकू जाईल असेही बोलल्या नाहीत. मी त्या वर्षीची पावती फाडली, नाव विचारले. त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचे नाव सांगितले. "रेशनकार्डावरून गेलं, लाइटबिलावरून गेलं. आता वर्षातून एकदा इथंच लिहिलं जातं," असे म्हणून त्यांनी पावतीची घडी घातली. सगळ्या पावत्या त्या घरी दत्ताच्या तसबिरीमागे ठेवतात, हे मला नंतर कळले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. उत्सव पार पडल्यावर आदल्या वर्षीची पावतीपुस्तके काढली. स्थळप्रती पाहिल्या. मावशींच्या यजमानांचे नाव कुठेच नव्हते. मग आठवले. गर्दीच्या वेळी लहान रकमांसाठी पावती फाडत बसायला नको, म्हणून आम्ही त्या एका डब्यात टाकत होतो. रात्री डबा मोजून वहीत एकच ओळ लिहिली होती : "किरकोळ देणग्या, रुपये ४,८७०." आणि ती रक्कमही डब्यात आलेली पूर्ण रक्कम नव्हती. दिवसभरात त्याच डब्यातून टेंपोवाल्याला दिले होते, जास्तीच्या पत्रावळ्या आणल्या होत्या, वाढप्यांचा चहा झाला होता. व्हाउचर एकाचेही नव्हते. आठवून आठवून लिहिले तेव्हा तेराशे-चौदाशे रुपयांचा खर्च निघाला. तो खराच झाला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण शपथ म्हणजे व्हाउचर नव्हे.

आमचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे. दरवर्षी लेखापरीक्षण होते, अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. त्या वर्षीही लेखापरीक्षकांनी सही केली होती, कारण वहीतली बेरीज बरोबर होती. जे वहीत आलेच नाही ते त्यांना कसे दिसणार? ते फक्त मला माहीत होते. आणि ज्यांचे नाव राहिले त्या मावशींना.

मी कशाने दुखावलो होतो, याचा विचार केला. मी प्रामाणिक आहे, म्हणून मला कोणी विचारू नये, असे मी मनात धरून बसलो होतो. आपल्याकडे ही खोड चांगल्या माणसांनाच जास्त असते. "माझ्यावर विश्वास नाही का?" हे वाक्य लबाड माणूसही वापरतो, पण त्याला ते वापरायची सोय प्रामाणिक माणसांनी करून दिलेली असते. मी पावतीशिवाय डब्यात पैसे टाकायची वहिवाट पाडली. उद्या माझ्या खुर्चीत दुसरा कोणी बसेल आणि म्हणेल, "आधीपासून असंच चालत आलंय." त्याला अडवणार कसे?

मी ते तेराशे-चौदाशे रुपये गुपचूप दानपेटीत टाकून मोकळा व्हावे, असे घरात सुचवण्यात आले. मोह झाला. पण त्याने माझ्या मनाचे समाधान झाले असते, वहीचे नाही, आणि राहिलेली नावे तर परत येणारच नव्हती. म्हणून वार्षिक सभेत उभा राहून सगळे सांगितले. पैसे भरले ते पावती घेऊन. माझे कौतुक होईल, असे कुठेतरी वाटले होते. ते काही झाले नाही. "म्हणजे इतकी वर्षं असंच चालू होतं?" असे एकाने विचारले. एका जुन्या स्नेह्याने "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस" म्हणून बरेच महिने बोलणे टाकले. ते मला फार लागले. हिशेब दिल्याने मान वाढतो, असे मी सांगणार नाही. निदान लगेच तरी वाढत नाही.

त्या दिवसांत दामाजीपंतांची कथा पुन्हा मनात घोळत होती. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी खुली केली. बादशहाने बेदरला बोलावले. मग पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि धान्याचे मोल भरून आला. आता पुढचे पाहा. भक्तांच्या कथेप्रमाणे त्याने त्या रकमेची पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या गीतेच्या पोथीत येऊन पडली. धान्य गरिबांच्या पोटात गेले, हेतू शुद्ध होता, माणूस निर्मळ होता. पण कोठार दुसऱ्याचे होते. भुकेल्याला द्यायचे की नाही, याबद्दल कथेत शंकाच नाही, द्यायलाच हवे. तरीही कोठाराचा हिशेब पुरा करायचा राहतो, आणि तो देवालासुद्धा पावती घेऊन पुरा करावा लागला. "चांगल्या कामासाठीच खर्च झाला" म्हणणाऱ्यांनी, माझ्यासारख्यांनी, ही पावती विसरू नये.

काही भक्त विचारतील, मग गुप्तदानाचे काय? आपल्याकडे त्याला मोठा मान आहे. माझ्या मते गुप्तदानात देणारा आपले नाव लपवतो, ते परतफेड मिळू नये म्हणून. रक्कम मात्र गुप्त राहत नाही, ती वहीत यायलाच हवी. नाव लपवूनही परतफेडीची वाट मोकळी राहत असेल, तर ते गुप्तदान नव्हे, व्यवहार झाला.

हीच कसोटी राजकारणाला लावून पाहा. पक्षांना वीस हजारांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाला कळवायचे, हा जुना नियम. २०१८ पासून निवडणूक रोखे आले आणि रोख्यातून देणाऱ्याचे नाव मतदाराला कळेनासे झाले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पक्षाला कोण पैसे देतो, हे जाणणे मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. कोणत्या पक्षाला किती मिळाले, त्या वादात मला उत्सवाच्या अंकात शिरायचे नाही. मला दिसते ते एवढेच, की देणाऱ्याचे नाव घेणाऱ्याला कळण्याची वाट राहिली आणि ज्यांच्या नावाने राज्य चालते त्या लोकांपासून मात्र ते झाकले गेले. आमच्या मंडपात झाले त्याच्या नेमके उलटे. आम्ही गरिबाचे नाव गाळले, तिथे मोठ्याचे नाव झाकले. तोटा दोन्हीकडे साध्या माणसाचाच.

माहितीचा अधिकारही असाच एका साध्या मागणीतून मोठा झाला. १९९४ साली राजस्थानातल्या कोटकिराना गावी जनसुनवाई झाली. सरकारी कामांच्या नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचल्या, म्हणजे कागदावर काय आहे आणि गावात प्रत्यक्ष काय झाले, हे ज्याचे त्याला पडताळता यावे. आपल्या महाराष्ट्रात २००२ साली राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. मोठमोठे कायदे झाले, पण मुळात प्रश्न मावशींचाच : "माझं नाव कुठंय?"

मात्र पुढाऱ्यांवर बोट ठेवून थांबलो तर तो लबाडपणा होईल. गेल्याच वर्षी घराच्या फरश्या बदलल्या. दुकानदार म्हणाला, "काका, पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी लागेल. कच्च्यावर चालेल का?" माझ्या तोंडावर "चालेल" आलेच होते. तीन-साडेतीन हजार वाचणार होते. आणि मग रस्त्यातल्या खड्ड्यांवरून नगरपालिकेला नावे ठेवायला मी मोकळा! शेवटी पक्के बिल घेतले, पण आनंदाने नव्हे, कुरकुरतच. सोसायटीच्या वार्षिक सभेचेही तेच. नोटिशीतच लिहिलेले असते, कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल. आपण जात नाही, पाच-सहा जण "मंजूर, मंजूर" म्हणतात, आणि मग वर्षभर जिन्यात कुजबुज चालते, "काय हिशेब आहे कोणास ठाऊक!"

विचारणाऱ्यालाही पथ्य असते, ते मी मावशींकडून शिकलो. त्यांनी आधी आपली वर्गणी दिली. ज्याच्या हातात पैसे होते त्यालाच विचारले, पाठीमागे नाही. चोर ठरवून बोलल्या नाहीत, आणि माझ्या उर्मट उत्तराने घाबरून मागेही सरल्या नाहीत. एवढे चार नियम पाळून विचारले, तर कोणा सेवेकऱ्याने रागावू नये. मी रागावलो होतो, म्हणून सांगतो.

आता आमच्याकडे अकरा रुपयांचीही पावती फाडतो. दानपेटी दोघांनी मिळून उघडायची आणि रक्कम तिथल्या तिथे लिहून दोघांनी सही करायची. जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी फळ्यावर लागतो. देणगीदारांची यादी रकमेप्रमाणे न लावता तारखेप्रमाणे लावतो, त्यामुळे एक-दोन मोठे देणगीदार नाराज झाले. अकरा हजारांच्या खाली दोनशे एक्कावन्न आणि त्याच्या खाली पुन्हा पाच हजार, असे फळ्यावर दिसते तेव्हा माझे मलाच बरे वाटते. महाप्रसादाच्या पंगतीत तरी आपण कोण किती दिले हे पाहून कुठे वाढतो!

एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. ज्या वर्षीचे नाव राहिले, त्या वर्षीची पावती मागची तारीख घालून द्यावी, असे मला वाटले होते. मनाने म्हटले, तीही खोटी नोंदच की. म्हणून मावशींना एक पत्र लिहून दिले : "आपल्या यजमानांच्या नावे आपण दिलेली रुपये २५१ ची देणगी माझ्या हाती पोहोचली होती. नोंद माझ्या चुकीने राहिली." खाली सही केली. त्यांनी ते वाचून घेतले, डोक्याला लावले आणि पावत्यांबरोबर तसबिरीमागे ठेवले.

यंदाही त्या येतील. पावतीपुस्तक तयार आहे. आपणही या, यथाशक्ती द्या, आणि पावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी विसरलो तर आठवण करा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!