दुःखातही हम्द : कृतज्ञ दासाची ओळख

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, जो साऱ्या विश्वाचा पालनकर्ता आहे, आणि दरूद व सलाम असो त्याच्या अंतिम प्रेषितांवर (स.).

प्रिय बंधू-भगिनींनो, पवित्र कुरआनचा पहिला अध्याय अल्लाहच्या स्तुतीने सुरू होतो. दिवसभरातील पाच फर्ज नमाजांच्या एकूण 17 रकअती होतात आणि प्रत्येक रकअतीत सूरह फातिहाला स्थान आहे. शिंक आली, जेवण झाले, झोपेतून जाग आली, तरी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे. तरीही पाऊस लांबला, कांद्याचा भाव कोसळला, घरात आजारपण आले, की हाच शब्द ओठांवर अडखळतो. दुःखात बुडालेल्या माणसाने स्तुती करावी ती कशाबद्दल, असा प्रश्न मनात येतो. तो दाबून टाकू नये. त्याचे उत्तर शोधावे.

विद्वानांनी ‘हम्द’ आणि ‘शुक्र’ यांत भेद केला आहे. शुक्र हा मिळालेल्या उपकाराबद्दल असतो. हम्द त्याहून व्यापक आहे. अल्लाह जसा आहे, त्याबद्दलची ती स्तुती आहे. देणगी कमी-जास्त होते, देणारा मात्र तोच राहतो. म्हणून संकटात ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणणारा माणूस संकटाला चांगले म्हणत नसतो. हे संकट आले तरी माझा पालनकर्ता माझा पालनकर्ताच आहे, अशी तो साक्ष देत असतो.

तिर्मिजीमधील एका हदीसचा आशय असा आहे : एखाद्या दासाचे मूल मृत्यू पावते, तेव्हा अल्लाह फरिश्त्यांना विचारतो की, माझा दास काय म्हणाला? त्याने तुझी स्तुती केली आणि आम्ही तुझ्याकडेच परतणार आहोत असे म्हटले, हे ऐकून अल्लाह त्याच्यासाठी स्वर्गात एक घर बांधण्याची आज्ञा देतो. त्या घराचे नाव ‘बैतुल हम्द’, स्तुतीचे घर. याचा अर्थ रडू नये असा मात्र नाही. आपले बाळ इब्राहीम यांच्या अंतसमयी स्वतः प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले. मन दुःखी आहे, पण पालनकर्त्याला आवडेल तेच आम्ही बोलू, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. तेव्हा शोक करणाऱ्या भगिनीला ‘शुक्र कर, रडू नकोस’ असे दटावणे ही प्रेषितांची रीत नव्हे.

या शिकवणीच्या संदर्भात आपल्याच अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यातील एका कैद्याची आठवण होते. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत मौलाना अबुल कलाम आझाद यांना अटक झाली आणि पंडित नेहरू, सरदार पटेल आदी सहकाऱ्यांसह त्यांना या किल्ल्यात ठेवण्यात आले. सूरह फातिहावर विस्तृत भाष्य लिहून ‘रब्ब’ या शब्दाचा अर्थ, टप्प्याटप्प्याने पोसणारा व वाढविणारा, उलगडून दाखविणारे हेच ते विद्वान. किल्ल्यात त्यांनी लिहिलेली पत्रे पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांत काय आहे? पहाटेच्या शांततेत स्वतः केलेला चहा आहे, अंगणात फुलविलेली बाग आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आहेत. स्वातंत्र्य हिरावलेल्या माणसाची नजर उरलेल्या देणग्यांकडे वळते. शुक्राचा आरंभ अशा नजरेतच होतो.

एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले. त्या आजारी असल्याचे कळले होते आणि सरकारला काही कळवायचे असल्यास ते पोहोचविण्याची तयारी तुरुंगाच्या अधिकाऱ्याने दाखविली होती. मौलानांनी त्या सरकारकडे काहीही मागण्यास नकार दिला. त्यांनी आपली नित्याची दिनचर्या सोडली नाही. पण आत काय उलथापालथ झाली, हेही पत्रात लपविले नाही. किल्ल्याच्या आवारातील एका अनोळखी जुन्या कबरीशी आता नवेच नाते जुळल्यासारखे वाटते, असे त्यांनी लिहिले. या प्रसंगातून दोन गोष्टी शिकाव्यात. सब्र म्हणजे वेदना नसणे नव्हे. आणि अल्लाहच्या निर्णयापुढे मान तुकविणे म्हणजे जुलमी सत्तेपुढे मान तुकविणे नव्हे. ‘आहे त्यात समाधान माना’ असे सांगून कोणी अन्याय पदरात घालू लागला, तर त्याला शुक्र म्हणता येणार नाही.

शुक्र केवळ जिभेचा नसतो. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्या कुटुंबीयांना अल्लाहने शुक्र म्हणून कर्म करण्याचा आदेश दिला आणि कृतज्ञ दास थोडेच असतात, हेही सांगितले. प्रेषित (स.) रात्रीच्या नमाजेत इतका वेळ उभे राहत की पाय सुजत. हजरत आयशा (रजि.) यांनी याबद्दल विचारले, तेव्हा मी कृतज्ञ दास होऊ नये काय, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला.

आपल्या जिल्ह्यात या कर्माची कसोटी पाण्यावर लागते. अकोल्याच्या घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो, तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे दुष्काळात टँकरची वाट पाहावी लागते. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण पाऊण लिटरमध्ये, वुजू करीत, असे बुखारीत आले आहे. आपण मात्र नळ पूर्ण सोडून वुजू करतो आणि नंतर त्याच ओल्या हातांनी पावसासाठी दुआ मागतो! निकाहाच्या दावतीत ताटात टाकलेला भात आणि जेवणानंतर उच्चारलेले ‘अल्हम्दुलिल्लाह’ यांचा मेळ कसा बसावा?

माणसांचे आभार न मानणारा अल्लाहचेही आभार मानीत नाही, अशी हदीस आहे. भाकरी थापणारी पत्नी, शेतात राबणारा गडी, अडीअडचणीला धावून येणारा शेजारी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, यांचे आभार मानणे हाही दीनचाच भाग आहे.

आणखी एक गोष्ट. नगरच्या ख्रिस्ती बांधवांत कवी नारायण वामन टिळकांनी ईशस्तवन मराठी अभंग-भजनांत आणले. त्यामुळे ते घराघरांतील सामान्य माणसालाही समजू लागले. आपली नमाज अरबीतच राहील. परंतु ‘अल्हम्दुलिल्लाहि रब्बिल आलमीन’चा अर्थ आपल्या मुलांना मराठीत सांगायला कोणी अडविले आहे? अर्थ न कळता म्हटलेली स्तुती ओठांवरच राहते. आज रात्री जेवणानंतर प्रत्येकाने आज मिळालेली एक देणगी नाव घेऊन सांगावी आणि तिचा वापर कसा केला, हेही सांगावे. घर दुःखात असेल, तर त्या दुःखासह सांगावे.

हे अल्लाह, आम्हाला सुखात कृतज्ञ आणि दुःखात धैर्यवान बनव. ज्यांच्या घरी शोक आहे, त्यांच्यासाठी तुझ्याकडे ‘बैतुल हम्द’ असू दे. आमीन.