देवापुढे प्रश्न, सत्तेपुढे निवेदन

देवापुढे हात जोडायला मुलांना सगळेच धर्म शिकवतात. सत्तेपुढे उभे राहून बोलायला शिकवणे हेही धर्माचे काम आहे का? अमेरिकेतील सुधारणावादी ज्यूंनी याला स्पष्ट होकार दिला आहे. त्यांचे 'रिलिजियस अॅक्शन सेंटर' १९६१ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झाले. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा यांच्या मसुद्यांचे काही काम तिथल्याच बैठकीच्या खोलीत झाले. आता तिथे देशभरातून शाळकरी मुलामुलींचे गट सहलीसारखे येतात. धर्मग्रंथ आणि प्रलंबित विधेयक शेजारी ठेवून अभ्यास करतात, आपले म्हणणे स्वतः लिहितात आणि शेवटच्या दिवशी खासदाराच्या कार्यालयात जाऊन मांडतात. माझ्या मते हे धर्माचेच काम आहे. मात्र एका अटीवर.

या शिकवणीचे मूळ ज्यूंच्या धर्मग्रंथातच आहे. 'गणना' या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक, सरदार आणि जमलेला सारा समाज यांच्यासमोर येऊन उभ्या राहतात. बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचे नाव कुळातून का पुसले जावे, आम्हाला जमिनीचा वाटा द्या, एवढेच त्यांचे मागणे. मोशे त्यांना हाकलून देत नाही. प्रश्न देवापुढे ठेवतो. मुलींचे म्हणणे रास्त आहे असे देव सांगतो आणि मुलगा नसेल तर वारसा मुलीला, असा नियम होतो. पाच मुलींच्या तोंडून आलेल्या मागणीने नियम बदलला, हे ज्या ग्रंथाने जपून ठेवले, तो वाचणाऱ्यांना निवेदन देणे अधर्म वाटण्याचे कारण नाही.

यावर बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याचा वाचक भगवानगडाकडे बोट दाखवील. गडावरून राजकीय भाषण नको, या भूमिकेवरून २०१६ साली केवढा वाद पेटला आणि तिथे भरणारा दसरा मेळावा पुढे सावरगावला गेला, हे बीड जिल्ह्याने पाहिले आहे. श्रद्धेच्या जागी पुढाऱ्याचा माईक आला की भक्तांची नुसती गर्दी होते, ही भीती खरी आहे. पण त्या वादात प्रश्न होता पुढाऱ्याने श्रद्धेचे व्यासपीठ वापरण्याचा. इथे श्रद्धेने घडवलेली मुले पुढाऱ्याच्या दारात जाऊन त्याला जाब विचारतात. दिशाच उलटी आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःचे मत असते का? वडीलधाऱ्यांनी भरवलेलेच तो बोलणार. यावर माझी अट अशी : जो धर्म मुलांना सरकारला प्रश्न विचारायला शिकवतो, त्याने तोच प्रश्न स्वतःवर उलटू दिला पाहिजे. याची कसोटी मराठी बोलणाऱ्या ज्यूंनीच एकदा घेतली. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएली कुटुंबांच्या विवाहांआधी वंशाची चौकशी करा, असे आदेश तिथल्या मुख्य धर्मपीठाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काढले. बेने इस्राएलींनी जेरुसलेममध्ये ठाण मांडले. अखेर ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने समान ज्यू असल्याचे जाहीर केले आणि आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. धर्म न सोडता धर्मपीठाशी भांडता येते, हे त्यांनी दाखवले. आपल्याकडे साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले, ते विठ्ठलावरच्या भक्तीपोटीच. दहा दिवसांनी ते सुटले तेव्हा मंदिर दलितांना खुले होणार हे ठरले होते.

म्हणून मुलांना राजकारणापासून लांब ठेवणे हा उपाय नव्हे. ती त्यात कशी उतरतात हे महत्त्वाचे. आपल्याकडे निवेदन देतानाचा फोटो ठरलेला असतो : पुढे कागद देणारा पुढारी, मागे रांगेत उभी पोरे, आणि कागदात काय आहे ते त्यांतल्या एकालाही ठाऊक नसते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, हा चौसाळ्याच्या आसपासच्या मुलांचा रोजच्या जगण्याचा विषय आहे. हरिनाम सप्ताहाच्या मांडवात त्यावर चर्चा व्हावी. मुलांनी शासनाचा आदेश वाचावा, निवेदन स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि तहसीलदारांसमोर स्वतः वाचावे. ज्या मुलाला मांडवातले म्हणणे पटत नाही, त्यालाही त्याच कागदावर आपले वेगळे मत लिहिण्याची मुभा हवी. ती मुभा देणारी श्रद्धा नागरिक घडवते. न देणारी मेळाव्याला गर्दी पुरवते.