चौदा टक्के

“चौदा टक्क्यांचंच तर प्रकरण आहे हो,” भोसरीत प्रेसशॉप चालवणारे एक परिचित चहा घेता घेता म्हणाले. त्यांच्या एका कामगाराची तर्जनी प्रेसवर मुळापासून गेली होती. आकडा त्यांच्या पदरचा नव्हता. १९२३च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे भाव ठरलेलेच आहेत: अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२. नोव्हेंबर २०२५मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी टक्क्यांचा तक्ता तिच्यात मुक्कामाला आलाच.

मला हा तक्ता खटकत आला आहे. इजा वेगळी, कमाई बुडणं वेगळं. गवयाची तर्जनी गेली तरी मैफल होईल, तबलजीचं काय? ओडिशातल्या जेपूरमध्ये १९६८ साली एका सिनेमागृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व पूर्णच धरायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. असा निवाडा वाचला की वाटतं, तक्ता फाडा आणि माणूस बघा.

पण तो निवाडा आला १९७५च्या डिसेंबरात. माणूस बघायला सात वर्षं लागली.

परिचितांचं पुढचं वाक्य होतं, “प्रेसचा गार्ड त्यानेच काढला होता.” असेलही. तासाला किती नग काढायचे हे कोणी ठरवलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. आणि एकदा गार्डचा मुद्दा निघाला की साक्षी आल्या, तारखा आल्या. २००९च्या दुरुस्तीने दावा तीन महिन्यांत निकालात काढायला सांगितलं. तारखांना ते कोणी कळवलेलं दिसत नाही. ठेकेदाराचा माणूस असेल तर हजेरीपटावर नाव सापडण्यापासून सुरुवात. अशा माणसाला ‘तुझं नुकसान नेमकं किती, ते सिद्ध कर’ म्हणणं मला आता न्याय वाटत नाही. चौदा टक्के निदान वादाशिवाय मोजता येतात.

तेव्हा तक्ता राहू दे. भांडायचं तर ज्या पगाराला तो लावतात त्यावर भांडावं. हिशेबातल्या पगाराची कमाल मर्यादा २०१०पासून जवळजवळ दहा वर्षं ८ हजारांवर अडकली होती. २०२०च्या जानेवारीत ती १५ हजार झाली. या मर्यादेने तीस वर्षांच्या माणसाची तर्जनी साधारण २ लाख ६२ हजारांची भरते, मग हातात २५ हजार का पडत असेनात.

मालकाला जेवढं देणं मान्य आहे तेवढं त्याने लगेच द्यावं, ही तरतूद जुन्या कायद्यातही होती. मान्य करणं मात्र त्याच्याच मर्जीवर. दुरुस्ती हवी ती इथे: तक्त्याची रक्कम महिन्याभरात, वाद असो वा नसो, जादा हवं असेल तर कामगाराने दावा लावावा. खोटे दावे वाढतील, असं परिचित म्हणतात. खोटा दावा करायला कोण बोट देतो, हे मी त्यांना विचारलं. गार्डचा खटला त्यांनी त्यानंतर खुशाल लढवावा, पैसे देऊन झाल्यावर.