पूर्वजांचे पाप आणि आपले ऋण

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल देहूरोड आणि बेगडेवाडी मागे टाकते व तळेगावच्या अलीकडे घोरावाडीच्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते. गेल्या पावसाळ्यात तेथील एका घरी घरभेटीसाठी गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला. घरातील वयोवृद्ध गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. वडील व आजोबाही रेल्वेतच होते. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि लोणावळ्यात रेल्वे कामगारांची वसाहत वाढली. त्या काळापासून या परिसरात स्थिरावलेल्या अँग्लो-इंडियन घराण्यांपैकी हे एक. मी निघणार इतक्यात त्यांनी विचारले, “फादर, खापरपणजोबाच्या पापाची कबुली मी द्यायची असते का?”

प्रश्नामागची हकीकत अशी. परदेशी स्थायिक झालेल्या त्यांच्या नातवाने घराण्याची वंशावळ शोधून काढली होती. मूळ पुरुष स्कॉटलंडमधून मुंबईला आला, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते व त्याचा थोडा अभिमानही होता. नातवाला आढळले की, त्या तरुणाच्या प्रवासाचा आणि सरंजामाचा खर्च ज्या काकाने उचलला, त्या काकाचा जमैका बेटावर उसाचा मळा होता. मळ्याच्या कागदांत बैलांच्या आणि खेचरांच्या यादीजवळच माणसांची यादी होती. प्रत्येक नावापुढे किंमत लिहिलेली होती. “तेव्हापासून भिंतीवरची ती जुनी तसबीर पाहवत नाही,” ते म्हणाले.

त्या दिवशी मी त्यांना घाईघाईने दिलासा दिला. परतीच्या गाडीत मात्र माझे मलाच ते उत्तर अपुरे वाटू लागले. प्रिय वाचकहो, तो प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, कॅरिबियन बेटे आपल्यापासून वाटतात तितकी दूर नाहीत. लॅक्लन मॅक्वारी या स्कॉटिश लष्करी अधिकाऱ्याचे उदाहरण पाहा. पुढे १८१० ते १८२१ या काळात ते ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर झाले. त्यापूर्वी ते मुंबईत होते व १७९३ साली तेथेच त्यांचा विवाह जेन जार्व्हिस या तरुणीशी झाला. जेनचे वडील अँटिग्वा बेटाचे माजी मुख्य न्यायाधीश आणि तेथील मळेवाले. १७९५ साली मॅक्वारींसाठी कोचीनच्या गुलामबाजारातून दोन लहान मुले विकत घेण्यात आली. त्यांची नावे हेक्टर आणि जॉर्ज अशी ठेवली गेली. जॉर्जला पुढे जार्व्हिस हे मालकिणीचेच आडनाव मिळाले. १७९६ साली जेन वारली. तिच्या पश्चात मॅक्वारींनी स्कॉटलंडच्या मल बेटावर जमीन घेतली आणि पत्नीच्या स्मरणार्थ तिला ‘जार्व्हिसफील्ड’ असे नाव दिले. अँटिग्वाचा ऊस, मुंबईचा संसार, कोचीनचा बाजार आणि स्कॉटलंडची जमीन, सारे एकाच कुटुंबाच्या चरित्रात गुंफलेले आहे. मॅक्वारी पत्नीवर जीव लावणारे होते. जॉर्ज त्यांच्याजवळ अखेरपर्यंत राहिला. आपल्याला अस्वस्थ करते ती हीच गोष्ट. जगात क्रूर माणसांनीच गुलाम पाळले असते तर आपले काम सोपे झाले असते.

ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. ती मालकांना मिळाली. ज्यांच्या पाठीवर वळ उठले होते त्यांना एक छदामही मिळाला नाही. आणि ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला गेला. हिंदुस्थानात गुलामगिरीला कायद्याने मान्यता नाकारली गेली ती १८४३ साली. भरपाईच्या त्या नोंदी आज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. म्हणूनच घोरावाडीतल्या एका घरात दोनशे वर्षांपूर्वीचा हिशेब येऊन पोहोचू शकतो.

पण परक्याच्या तसबिरीकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या घरातल्या भिंतीकडे पाहावे. माझे मूळ गाव वसईकडचे आणि आडनाव पोर्तुगीज. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे तेथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्यांच्या जहाजांतून मोझांबिककडील माणसे गोव्यात आणि उत्तरेकडील ठाण्यांत आणून विकली जात. कोकणीतील ‘खाप्री’ हा शब्द त्या इतिहासाची खूण आहे. सरदारांच्या वाड्यांत गुलाम होते आणि, लिहिताना लेखणी अडखळते तरी लिहिले पाहिजे, धर्ममठांतही होते. १४५२ साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना कायमच्या दास्यात टाकण्याची मुभा दिली होती. १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी नव्या जगातील मूळ रहिवाशांचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये असे बजावले, आणि १८३९ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. मधली तीनशे वर्षे जहाजे चालूच होती. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेनेगलमधील गोरे बेटावर, जेथून आफ्रिकी माणसे जहाजांत चढवली जात, तेथे उभे राहून या पापाबद्दल क्षमा मागितली.

मराठी मुलूखही याला अपवाद नव्हता. पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. मावळात वेठबिगार तर आजोबांच्या आठवणीइतकी जवळची.

तर मग पूर्वजांच्या पापाचे काय करायचे? ‘तेव्हा सगळेच तसे करीत होते’ असे म्हणणे सोपे. पण त्या ‘सगळ्यां’त गुलाम मोजलेले नसतात. जमैकातील ती यादीतली माणसे आपल्या स्थितीला न्याय्य मानत होती असे कोण म्हणेल? याउलट दुसरा मोह म्हणजे हळहळण्याचा. मृतांच्या पापाबद्दल रडणे स्वस्त असते. त्याने आपले काहीच खर्च होत नाही, उलट आपण फार सहृदय आहोत असे वाटू लागते.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. निर्गमाच्या ग्रंथात बापाच्या अपराधाचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचतो असे सांगितले आहे. यहेज्केल संदेष्टा मात्र अठराव्या अध्यायात ठामपणे शिकवतो की, मुलगा बापाच्या दोषाचा भार वाहणार नाही. मला यात विरोध दिसत नाही. दोष हा इच्छेचा असतो, आणि इच्छा ज्याची त्याची. परिणाम मात्र घरादारात, जमिनीत, शिक्षणात आणि आडनावात उतरतात. एखाद्याला वडिलांचे घर वारशाने मिळाले व त्यावर गहाण असले, तर ते कर्ज त्याने केलेले नसते. तरीही घर माझे आणि गहाण मात्र वडिलांचे, असे त्याला म्हणता येत नाही. म्हणून घोरावाडीच्या गृहस्थांना प्रायश्चित्त संस्कारात ते पाप सांगण्याची गरज नाही. ते त्यांचे नाही. ऋण मात्र त्यांचे आहे.

हे ऋण फेडायचे कोणाला? ज्यांचे देणे होते ते तर केव्हाच मातीत गेले. जक्कयापुढे ही अडचण नव्हती. ज्यांना त्याने लुबाडले होते ते त्याच्याच गावात होते. आपल्यापुढे ती आहे. मला वाटते, धनको सापडत नाही म्हणून कर्ज बुडत नाही. त्या धनकोच्या जागी आज जो उभा आहे त्याच्याकडे ते वळते. ग्लासगो विद्यापीठाने २०१८ साली आपल्याला मिळालेल्या देणग्यांमागील गुलामीचा पैसा मोजला आणि पुढच्या वर्षी वेस्ट इंडीज विद्यापीठाशी भरपाईचा करार केला. आपल्याला तर इतके दूर जावे लागत नाही. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने संपली. तरी उचल घेऊन वीटभट्टीवर राबणारे कातकरी कुटुंब आपल्या वाटेवर दिसते. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या मुलीला रविवारची सुट्टी आहे का? आजारपणात तिचा पगार कापला जातो का? तिचे पूर्ण नाव आपल्याला ठाऊक आहे का?

काही दिवसांनी मी पुन्हा त्या घरी गेलो आणि माझे अपुरे उत्तर दुरुस्त केले. त्यांनी नातवाची वंशावळ माझ्यापुढे उलगडली. सर्वांत वर स्कॉटिश पुरुषाचे नाव, जन्मगाव, साल सारे स्वच्छ होते. त्याच्या शेजारी, ज्या स्त्रीपासून हे सारे घराणे जन्मले तिच्या जागी, फक्त ‘देशी स्त्री’ असे दोन शब्द होते. मी विचारले, “आणि ही कोण?” ते बराच वेळ त्या शब्दांकडे पाहत राहिले. “तिला आम्ही कधी शोधलेच नाही, फादर,” ते म्हणाले.

तसबीर उतरवू नका, असे मी त्यांना सुचवले. तिच्याखाली त्या यादीतली नावे लिहून ठेवावीत, आणि त्या अनाम मातेसाठी एक ओळ मोकळी सोडावी. येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, त्या सर्वांसाठी मिस्सा अर्पण करायची असे आम्ही ठरवले आहे. यादीतील सगळी नावे वेदीवरून वाचली जातील. आपणही त्या दिवशी आपल्या घराण्याचा मागोवा घेताना, पूर्वजांच्या शेजारी कोणाची जागा रिकामी राहिली आहे, एवढे एकदा पाहावे.