अम्माऊसच्या वाटेवरचा सोबती

(शास्त्रपाठ : लूक 24:13–35)



उरणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं शिंपला सांपडला, तर त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. परंतु स्पेन देशांत शेंकडों वर्षें शिंपला ही ख्रिस्ती यात्रेकरूची खूण आहे. प्रेषित याकोबाची म्हणून मानलेली कबर सांतियागो येथें आहे. तिकडे पायीं जाणारे लोक झोळीस किंवा टोपीस शिंपला बांधीत, व आजही बांधितात.

त्याच देशांत सिलोस गांवीं एका जुन्या मठांत सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं दगडांत कोरलेलें एक चित्र आहे. अम्माऊसच्या वाटेनें जाणारे दोन शिष्य आणि त्यांच्याबरोबर प्रभु येशू, असा तो देखावा. कारागिरानें शिंपला कोणाच्या झोळीस लाविला? प्रभूच्या! यात्रेकरू ज्याला शोधावयास निघतात, तोच यात्रेकरू होऊन त्यांच्या बाजूनें चालत आहे.

यांत आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही कीं, ते दोघे पवित्र नगराकडे चालले नव्हते; निराश होऊन तें सोडून चालले होते. त्या पाठ फिरविलेल्या वाटेवर प्रभूनें त्यांस गांठलें. मग पुण्यासाठीं अमक्या ठिकाणीं गेलेंच पाहिजे, हें ओझें आपण कां वाहावें? ज्याच्या जाळ्यास मासा लागत नाहीं, ज्याचें भातशेत बंदरासाठीं गेलें, ज्यानें दुःखानें प्रार्थना सोडिली, त्याच्याही बाजूनें तो चालतो.

दुसरी ही कीं, शिष्यांस तो परका वाटला, तरी त्यांनीं आग्रह करून त्यास घरांत घेतलें. घेतलें नसतें, तर भाकर मोडतांना त्यांचे डोळे उघडले नसते. न्हावा-शेवा बंदर 1989 सालीं सुरू झालें, व पोटासाठीं परप्रांतांतून पुष्कळ मजूर उरण तालुक्यांत आले. त्यांची भाषा निराळी, चालीरीति निराळ्या. असा कोणी उपासनेच्या वेळीं दाराशीं उभा राहिला, तर आपण ‘या, बसा, जेवून जा’ म्हणतों, कीं तोंड फिरवितों? दार लोटण्यापूर्वीं, बाहेर कोण राहील याचा विचार करा.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारीं हा पाठ मंडळींत वाचा, आणि त्याच दिवशीं एका परक्यास आपल्या पंक्तीस बोलवा.

हे प्रभो, आमच्या खचलेल्या पावलांबरोबर चाल, आणि परक्याच्या रूपानें आलास तरी तुला ओळखण्यास आमचे डोळे उघड. आमेन.